नळी नाकात आहे, पण टोक कुठे आहे?

"सिस्टर, हवा मारायची, पोटावर गुडगुड ऐकू आली की फीड द्यायचं. एवढंच ना?"

पॅरालिसिसच्या झटक्यातून वाचलेल्या एका आजोबांना घरी न्यायची तयारी चालली होती आणि त्यांच्या सूनबाई मला विचारत होत्या. एका हातात पन्नास मिलीची सिरिंज, दुसऱ्या हातात मोबाइल. रात्री जागून त्यांनी कुठलातरी व्हिडिओ पाहिला होता. चूक त्यांची नव्हती. आम्हा नर्सनासुद्धा कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं, आणि अजूनही कितीतरी वॉर्डांत हेच चालतं.

ही गुडगुड फसवी आहे. नळीचं टोक फुफ्फुसाच्या तळाशी असो, अन्ननलिकेत अर्ध्यावर असो की खरोखर जठरात असो, मारलेल्या हवेचा आवाज पोटावर ठेवलेल्या स्टेथोस्कोपमध्ये येतो. फुफ्फुसाचा तळ आणि जठर यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा तेवढा असतो. आवाज तिथे अडत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच ही पद्धत बंद करा, असं रुग्णालयांना कळवलं होतं. त्यानंतरही, सप्टेंबर २००५ ते मार्च २०१० या काळात, चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून फुफ्फुसात फीड गेल्याने २१ मृत्यू आणि इजा झाल्याच्या ७९ घटना त्या संस्थेकडे नोंदल्या गेल्या.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक रात्र मला आजही लख्ख आठवते. बेशुद्ध पेशंट, नळी मी घातलेली. घालताना कुठे अडली नाही, ठसका लागला नाही, हवा मारली तर आवाज स्वच्छ. मी फीडची वाटी हातात घेतली आणि आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला थांबवलं. "आधी एक्स-रे." मला राग आला होता. फिल्म आली तेव्हा नळीची पांढरी रेघ उजव्या फुफ्फुसात उतरलेली दिसली. फीड गेलं नव्हतं, म्हणून तो माणूस वाचला. तेव्हापासून 'ठसका लागला नाही म्हणजे नळी बरोबर गेली' हे वाक्य मला ऐकवत नाही. बेशुद्ध माणसाला, झटका आलेल्या माणसाला, खूप थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ठसका लागेलच असं नाही. शरीराचा पहारेकरीच तिथे झोपलेला असतो. गळ्याला भोक पाडून ट्यूब बसवलेल्या पेशंटबद्दलही एक ठाम समजूत आहे, की ट्यूबचा फुगा फुगवलेला असला की नाकातली नळी श्वासनलिकेत जाऊच शकत नाही. जाते. फुग्याच्या बाजूने सरकून जाते.

नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहणं, हीही तसलीच पद्धत. जठरातही हवा असते, तिचे बुडबुडे येतात. आणि टोक फुफ्फुसाच्या बारीक नळीत रुतलं असेल तर एकही बुडबुडा येत नाही. या परीक्षेत दोन्ही उत्तरं खोटी निघू शकतात.

मग खरं कशाला मानायचं? आपण हिला राइल्स ट्यूब म्हणतो ते जॉन आल्फ्रेड राइल या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावावरून. १९२१ च्या सुमारास त्यांनी ही नळी वापरात आणली ती अन्न घालायला नव्हे, जठरातला रस बाहेर काढून तपासायला. आज शंभर वर्षांनी खाटेपाशी नळीची जागा ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग तोच आहे. आत काही ढकलायचं नाही, आधी बाहेर ओढायचं. सिरिंजने थोडासा रस काढायचा आणि त्याचे दोन थेंब अंक दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर टाकायचे. १ ते ५.५ यांच्या मध्ये आकडा आला तर टोक जठरात आहे असं धरून फीड देता येतं. फुफ्फुसातलं पाणी एवढं आंबट नसतं. निळ्या-लाल लिटमस कागदावर हे ठरवू नये, त्यात अंकच नसतो. रसाचा रंग पाहूनही ठरवू नये.

आकडा ६ किंवा वर आला म्हणजे नळी फुफ्फुसातच आहे असंही नाही. ॲसिडिटीची औषधं चालू असतील, नुकतंच फीड दिलेलं असेल, तर जठरातला आंबटपणा उतरलेला असतो. अशा वेळी थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा पाहायचं, आणि तरीही शंका राहिली तर एक्स-रे. रसच येत नसेल तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवावं, पंधरा ते तीस मिनिटं वाट पाहावी, दहा-वीस मिली हवा हळू सोडून पुन्हा ओढावं. हवा इथे आवाजासाठी नाही, टोक जठराच्या अस्तराला चिकटलं असेल तर ते सोडवण्यासाठी आहे. पाणी मात्र घालायचं नाही. नळी नवीन घातल्यावर जागेची खात्री होईपर्यंत तिच्यातून पाण्याचा थेंबही जाता कामा नये.

आता घरच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रुग्णालयात एक्स-रे काढून नळी बरोबर असल्याचं सांगितलं, म्हणजे ती कायम बरोबर राहील, हा समज मी रोज ऐकते. एक्स-रे त्या क्षणाचा असतो. त्यानंतर पेशंट खोकतो, ओकतो, झोपेत हात नाकाशी नेतो, अंघोळ घालताना चिकटपट्टी ओली होऊन सुटते. नळी सरकते. म्हणून त्या सूनबाईंना मी आजोबांच्या नाकपुडीजवळ वाकायला सांगितलं. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा छापलेल्या असतात. मोठ्या माणसात बहुधा पन्नास ते साठच्या मध्ये कुठलातरी आकडा नाकपुडीच्या काठाशी येतो, आजोबांचा छप्पन्न होता. तिथे मार्करने गडद रेघ ओढली आणि तो आकडा डिस्चार्जच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिला. प्रत्येक फीडच्या आधी ती रेघ नाकपुडीशीच आहे का पाहायचं, टॉर्च लावून तोंडात पाहायचं की नळीचं वेटोळं मागे घशात साचलेलं नाही ना, आणि मग पीएच पट्टी. रेघ जागेवर असूनही घशात वेटोळं असू शकतं, म्हणून तोंडात डोकावणं चुकवू नका.

रेघ नाकाबाहेर आलेली दिसली तर? इथे चांगली चांगली माणसं चुकतात. 'थोडीशीच आलीये, आत सरकवली.' असं कधीही करू नका. अर्धी बाहेर आलेली नळी ढकलली की टोक कुठे वळेल याचा नेम नसतो. फीड बंद ठेवा, चिकटपट्टीने आहे तिथेच धरून ठेवा आणि नर्सला किंवा डॉक्टरांना गाठा. पूर्ण निघाली तर घरी घालायची नाही. एक वेळचं फीड चुकल्याने बहुधा काही बिघडत नाही. फक्त मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळी दिलेली असेल तर साखर उतरण्याचा धोका असतो, तेव्हा फोन लगेच करा.

झोपवून फीड देण्याबद्दल. 'नळी थेट पोटात जाते, मग उताणं झोपलेलं असलं तर काय झालं?' नळी अन्ननलिकेच्या खालच्या झडपेतून जाते, त्यामुळे ती झडप नीट मिटत नाही. पेशंट आडवा असला की जठरातलं वर येतं आणि घशातून फुफ्फुसात उतरतं. पाठ तीस ते पंचेचाळीस अंशांनी उचललेली हवी, फीड देताना आणि नंतर अर्धा ते एक तास. घरोघरी दिसतं ते असं, की मानेखाली दोन उशा कोंबलेल्या असतात. त्याने मान मुडपते आणि पोट दाबलं जातं, पाठ मात्र गादीलाच टेकलेली राहते. लोड कमरेपासून लावा, गुडघ्यांखाली एक उशी द्या म्हणजे माणूस खाली घसरत नाही. दर वेळी कंबर खाटेच्या वाकायच्या जागेशी आहे का ते बघा. घसरलेल्या पेशंटची खाट पंचेचाळीस अंशांवर असली तरी तो स्वतः आडवाच असतो.

आणि दट्ट्या दाबून फीड देऊ नका. दट्ट्या काढून घ्यायचा, सिरिंज नळीला लावून वर धरायची, फीड आपल्या वजनाने उतरू द्यायचं. दोनशे मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. मध्येच खोकला, धाप, ओठ निळसर दिसणं, उलटी, यातलं काहीही झालं की तिथेच नळी चिमटून थांबवा, पेशंटला उठवून बसवा किंवा कुशीवर करा आणि रुग्णालय गाठा. 'एवढंसं उरलंय, संपवून टाकू' असं म्हणू नका.

फीड घरचं असेल तर नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, पातळ पेज हे बारीक गाळणीतून दोनदा गाळलेलं हवं आणि ताजं हवं. सकाळी करून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवलेलं नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको. किती द्यायचं आणि काय द्यायचं हे आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. शहाळ्याचं पाणी सगळ्यांना चांगलं, असं नसतं. मूत्रपिंडाच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं.

औषधांचा गोंधळ सगळ्या घरांत होतो. गोळी म्हणजे गोळी, खलबत्त्यात कुटायची आणि फीडमध्ये मिसळायची. पण काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतात. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात जातो. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीवर जठरातल्या ॲसिडपासून वाचवणारं आवरण असतं. ते कुटून काढलं की औषध आतड्यात पोहोचायच्या आत खराब होतं. औषधांची चिठ्ठी लिहिली जात असतानाच सांगा, 'पेशंटला राइल्स ट्यूब आहे.' पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का विचारा. कुटायला चालणाऱ्या गोळ्या एकेक करून, वेगवेगळ्या पाण्यात, मध्ये थोडं पाणी सोडून द्या. आकडीचं फेनिटॉइन फीडबरोबर दिलं तर ते अंगी कमी लागतं, त्याची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

नळी तुंबते ती पाणी न सोडल्याने. फीडच्या आधी आणि नंतर उकळून गार केलेलं साधारण तीस मिली पाणी, एवढी एक सवय पुरते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला हे पाणीही दिवसाच्या हिशोबात धरावं लागतं. कोल्ड्रिंक टाकून नळी उघडते असं सांगणारे भेटतील, पण आंबट पेयाने फीडमधली प्रथिनं आणखी साकळतात. कोमट पाणी आणि धीर यांनी काम होतं. बारीक सिरिंजने जोर लावू नका, दाब वाढून नळी फुटते. तार तर कधीच घालू नका.

'नाकात नळी घातली म्हणजे आता संपलं' असं म्हणून रडणारी माणसं मी रोज पाहते. झटक्यानंतर गिळणं बिघडलेल्या पुष्कळ जणांचं गिळणं पुढच्या काही आठवड्यांत सुधारतं आणि नळी निघते. चार ते सहा आठवड्यांहून जास्त लागणार असं दिसलं तर पोटातून थेट जठरात नळी बसवता येते, म्हणजे नाकाला जखम होत नाही आणि सरकण्याचा धोकाही बराच कमी होतो. वाढलेल्या स्मृतिभ्रंशात मात्र गोष्ट वेगळी. तिथे नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं आढळलेलं नाही. जवळ बसून, हळूहळू, हाताने भरवणं जास्त बरं मानतात. हा निर्णय घाईत, खाटेशी उभं राहून घेऊ नये.

राहिली तोंडाची गोष्ट. 'तोंडाने खात नाही, मग दात कशाला घासायचे?' घासायचे, दिवसातून किमान दोनदा. न खाणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं, जंतू साचतात, आणि जंतूंनी भरलेली लाळ रात्री घशातून फुफ्फुसात झिरपते. नळी असलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो तो कितीदा फीडने नव्हे, या लाळेने.

आणि पाणी. आजोबांच्या बायकोने, आजींनी, मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चमचाभर पाणी तरी पाजू का गं? त्यांना तहान लागत असेल." घरात सगळ्यांना पाणीच सगळ्यात हलकं वाटतं. गिळण्याच्या दृष्टीने ते सगळ्यात अवघड असतं, कारण ते धावतं. घसा मिटायच्या आत श्वासनलिकेत शिरतं. गिळण्याची तपासणी झाल्यावर थेरपिस्ट बऱ्याचदा दाट पदार्थापासून सुरू करतात, ते म्हणूनच. मी आजींना गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून, पाण्यात बुडवून घट्ट पिळायला शिकवलं. त्यांनी आजोबांचे ओठ, हिरड्या, जिभेचा शेंडा पुसला. आजोबांनी ओठ मिटून ते बोट क्षणभर धरून ठेवलं. आजी म्हणाल्या, "हे मी रोज करीन." मग त्यांनी चष्मा लावला आणि नाकपुडीजवळची रेघ स्वतः वाचून दाखवली. छप्पन्न.