इंटरल्यूकिन-२ आणि रोगप्रतिकार सहिष्णुता : एका संदेशवाहक प्रथिनाचे दुहेरी कार्य

प्रस्तावना :
मानवी शरीरातील रोगप्रतिकार यंत्रणेचा विचार बहुधा संरक्षणाच्या अंगाने केला जातो. शरीरात शिरलेल्या जीवाणूंचा व विषाणूंचा नाश करणारी व्यवस्था, अशीच तिची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. परंतु शरीराच्या स्वतःच्या पेशी, आहारातील प्रथिने आणि आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू यांच्यावर हल्ला न करणे हेही तिचे तितकेच महत्त्वाचे कार्य होय. यालाच रोगप्रतिकार सहिष्णुता असे म्हणतात. ती ढासळली की टाइप १ मधुमेहासारखे स्वप्रतिकारक आजार उद्भवतात. ही सहिष्णुता म्हणजे केवळ प्रतिसादाचा अभाव नसून पेशी परस्परांना पाठवीत असलेल्या प्रथिनरूपी संदेशांतून ती सतत राखली जाते. प्रस्तुत लेखात इंटरल्यूकिन-२ या एका प्रथिनाच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे.

सहिष्णुतेचे दोन स्तर :
टी-पेशी थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. तेथे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी-पेशी नष्ट केल्या जातात. ही केंद्रीय सहिष्णुता होय. मात्र ही निवड निर्दोष नसते. स्वतःविरुद्ध कार्य करू शकणाऱ्या काही पेशी तिच्यातून निसटतात आणि निरोगी माणसाच्या रक्तातही आढळतात. त्यांना आवर घालण्याचे काम थायमसबाहेर चालते, म्हणून त्यास परिघीय सहिष्णुता असे म्हणतात. इंटरल्यूकिन-२चे महत्त्व प्रामुख्याने या दुसऱ्या स्तरावर आहे.

मूळ समजूत व तिला बसलेला धक्का :
१९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत टी-पेशींची वाढ घडविणारा एक घटक आढळला. तोच पुढे इंटरल्यूकिन-२ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८३ साली जपानमधील तादात्सुगु तानिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक वेगळे केले. हे प्रथिन टी-पेशींची संख्या वाढविते, तेव्हा त्याच्या अभावी प्रतिकारशक्ती केवळ दुबळी होईल, असा तर्क स्वाभाविक होता. परंतु १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये तांबड्या रक्तपेशींचा नाश व मोठ्या आतड्याचा तीव्र दाह दिसून आला. प्रतिकार मंदावण्याऐवजी तो स्वतःच्याच शरीरावर उलटला होता. वाढीचा संदेश नाहीसा झाल्यावर आवरच का सुटावा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

ग्राहीची रचना :
या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीत, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनात, सापडते. इंटरल्यूकिन-२च्या पूर्ण ग्राहीत अल्फा, बीटा व गॅमा अशा तीन साखळ्या असतात. बीटा व गॅमा या दोनच साखळ्या असल्या तरी संदेश पेशीच्या आत पोहोचतो. मात्र अल्फा साखळीची जोड मिळाली की ग्राहीची बंधनक्षमता सुमारे शंभर पटींनी वाढते. अल्फा साखळीलाच सीडी-२५ असे म्हणतात.

१९९५ साली शिमोन साकागुची यांनी सीडी-२५ सतत धारण करणाऱ्या टी-पेशींचा एक गट उंदरांत दाखवून दिला. हा गट वगळून उरलेल्या टी-पेशी, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांत सोडल्या असता अनेक अवयवांचे स्वप्रतिकारक आजार उद्भवले. या पेशींना आज नियामक टी-पेशी असे संबोधले जाते. त्या स्वतः इंटरल्यूकिन-२ जवळजवळ निर्माण करीत नाहीत. इतर टी-पेशी उद्दीपित होऊन जे स्रवतात त्यावरच त्यांचे जगणे अवलंबून असते.

कालव्याच्या पाण्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. पाणी कमी सुटले तर ते मुखाजवळच्या शेतांतच मुरते. भरपूर सुटले तर टोकापर्यंत पोहोचते. इंटरल्यूकिन-२ अल्प असताना ते प्रामुख्याने नियामक पेशींच्या वाट्याला येते. प्रमाण वाढले की आक्रमक टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी यांनाही ते मिळते.

संदेश पोहोचल्यावर पेशीत स्टॅट-५ हे प्रथिन सक्रिय होते आणि नियामक पेशींची ओळख टिकविणाऱ्या फॉक्सपी-३ या जनुकाच्या कार्यास आधार देते. नियामक पेशी पुढे तीन प्रकारे आवर घालतात. त्या भोवतालचे इंटरल्यूकिन-२ शोषून घेतात. सीटीएलए-४ या प्रथिनाद्वारे प्रतिजन सादर करणाऱ्या पेशींवरील उद्दीपक रेणू काढून घेतात. तसेच इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा ही शामक प्रथिने स्रवतात. अशा रीतीने प्रतिकार वाढविणारा संदेशच त्याला मर्यादा घालणाऱ्या पेशींना पोसतो.

मानवातील पुरावे :
हे निष्कर्ष केवळ उंदरांपुरते मर्यादित नाहीत. १९९७ साली सीडी-२५चा जन्मजात अभाव असलेल्या एका बालकाची नोंद झाली. त्याच्यात वारंवार होणारे संसर्ग आणि अवयवांमध्ये लिम्फोसाइट पेशींची अनियंत्रित घुसखोरी अशा दोन्ही बाबी एकत्र आढळल्या. २००१ साली फॉक्सपी-३ जनुकातील दोषामुळे होणारा मुलग्यांमधील गंभीर आजार स्पष्ट झाला. त्यात अगदी लहान वयातच आतड्याचा दाह, मधुमेह व इसब ही लक्षणे दिसतात. २०१४ साली सीटीएलए-४ जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीतील दोषही स्वप्रतिकारक आजारास कारणीभूत ठरू शकतो, हे सिद्ध झाले.

मात्रेचा प्रश्न :
उपचारांत या दुहेरी कार्याला विशेष महत्त्व आहे. अमेरिकेत १९९२ साली मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी इंटरल्यूकिन-२ला मान्यता मिळाली. त्यात दर आठ तासांनी प्रतिकिलो ६ लाख एकके दिली जातात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला सुमारे १०.८ कोटी एकके. याउलट, मूलपेशी प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या ऊतींवर हल्ला करतात त्या आजारात, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील अभ्यासात शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागास दिवसाला १० लाख एकके ही सहन होणारी कमाल मात्रा ठरली. प्रौढ व्यक्तीसाठी ही मात्रा पहिलीच्या साठाव्या हिश्शाहूनही कमी भरते. या अभ्यासात मूल्यमापन झालेल्या २३ रुग्णांपैकी १२ जणांत अंशतः सुधारणा दिसली आणि नियामक पेशींची संख्या वाढली.

तथापि नियामक पेशी वाढणे म्हणजे आजार शमणे नव्हे. २०१२ साली टाइप १ मधुमेहाच्या ९ रुग्णांवरील चाचणीत इंटरल्यूकिन-२ व रॅपामायसिन एकत्र दिले असता नियामक पेशी वाढल्या; परंतु त्याच वेळी नैसर्गिक मारक पेशीही वाढल्या व इन्सुलिननिर्मिती तात्पुरती घटली.

अवयव प्रत्यारोपणातही हाच पेच आहे. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे इंटरल्यूकिन-२ची निर्मिती रोखून अवयवाचा अस्वीकार टाळतात. पण त्याबरोबर नियामक पेशींना आवश्यक असलेला संदेशही क्षीण होतो. प्रतिकार दडपला जातो, सहिष्णुता मात्र निर्माण होत नाही. म्हणूनच बहुतेक रुग्णांना ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात.

समारोप :
परिघीय सहिष्णुतेच्या संशोधनाबद्दल २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना देण्यात आले. या संशोधनामुळे संदेशवाहक प्रथिनांची ‘उद्दीपक’ व ‘शामक’ अशी सरळ विभागणी अपुरी ठरते. इंटरल्यूकिन-२चा परिणाम त्याचे प्रमाण आणि ते स्वीकारणारी पेशी यांवर ठरतो. दडपून टाकलेला प्रतिकार आणि राखलेली सहिष्णुता यांतील भेद अध्यापनात स्पष्ट होणे आवश्यक आहे. कारण प्रत्यारोपणाच्या व स्वप्रतिकारक आजारांच्या रुग्णांना आजन्म औषधांपासून सुटका मिळेल की नाही, हे त्या भेदावरच अवलंबून आहे.