हाक पोहोचली पाहिजे!
कुत्र्याचे नाव ठेवताना

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिली चर्चा रंगते ती त्याच्या नावाची. मुलांना चित्रपटातील एखादे नाव हवे असते, आजोबांना ‘मोती’ पुरेसे वाटते आणि निर्णय होईपर्यंत बिचाऱ्या पिल्लाला चार जण चार नावांनी हाका मारत राहतात. हा विषय वरवर गमतीचा वाटतो. मात्र रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात त्याला एक गंभीर बाजूही आहे.

शहराची हद्द ओलांडली की जांभ्याचा गडगा, पुढे अंगण, मागे आंबा-काजूची बाग आणि पडवीत पहुडलेला मध्यम बांध्याचा कुत्रा हे दृश्य घरोघरी दिसते. हा कुत्रा फार धावपळ करणारा नसतो, तसा आळशीही नसतो. दिवसभर वाडीत एक-दोन फेऱ्या मारायच्या आणि अनोळखी माणूस दिसला की भुंकायचे, हा त्याचा नित्यक्रम. त्याच्या गळ्यात पट्टा असला तरी साखळी क्वचितच असते. दिवेलागणीनंतर याच पाखाड्यांवरून बिबट्याही फिरतो. कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्या विहिरीत पडल्याच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर बिबट्याच्या आहारात, भक्ष्याच्या वजनाच्या हिशेबाने, सर्वांत मोठा म्हणजे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच आढळला. त्यामुळे तिन्हीसांजेला कुत्रा पहिल्या हाकेसरशी घरी परतणे आणि रात्री त्याला बंदिस्त जागेत ठेवणे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न ठरतो. शहरात बिबट्याची जागा दिवाळीचे फटाके आणि भरधाव वाहने घेतात, एवढाच फरक. हातात साखळी नसेल तेव्हा मालकाजवळ उरते ती केवळ हाक.

कुत्रा नाव कसे ऐकतो?

कुत्र्याला आपले नाव कळते, हे मालकांना ठाऊक असतेच. संशोधनानेही त्यास दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या २०१९ मधील प्रयोगात, पार्श्वभूमीचा गोंगाट नावाच्या आवाजाइतकाच मोठा असतानाही कुत्र्यांनी आपले नाव ओळखले. धो धो पावसात हाक मारणाऱ्या कोकणवासीयांना ही दिलासा देणारी बाब आहे.

तथापि, कुत्र्याच्या श्रवणशक्तीला एक मर्यादाही आहे. हंगेरीतील बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदविल्या. ओळखीचा शब्द आणि अगदी निराळा निरर्थक शब्द यांतील फरक कुत्र्यांच्या मेंदूने टिपला. पण केवळ एका ध्वनीने बदललेला शब्द मात्र त्यांना ओळखीच्या शब्दासारखाच वाटला. कुत्र्याचे कान तीक्ष्ण असले, तरी शब्दातील बारकाव्यांकडे त्याचे लक्ष कमी असते, असा याचा अर्थ.

मराठी घरातील अडचण

नावाची निवड करताना नेमका हाच मुद्दा निसटतो. ‘बॉस’ हे नाव रुबाबदार खरे. पण रोज ‘बस’ म्हणून बसविल्या जाणाऱ्या कुत्र्याने हे दोन शब्द वेगळे कसे ओळखावेत? इंग्रजीतून ‘स्टे’ सांगणाऱ्या घरात ‘स्टेला’ आणि ‘नो’ म्हणणाऱ्या घरात ‘नोरा’ असाच घोटाळा करू शकतात. म्हणून ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘नको’ हे घरातील रोजचे शब्द आधी कागदावर लिहावेत आणि त्यांच्याशी न जुळणारे नाव निवडावे. घरातील माणसांची नावेही त्याच यादीत हवीत. अन्यथा ‘राजू’ म्हणून हाक मारावी, तर शेजारचा मुलगा ‘ओ’ देतो आणि कुत्रा जागचा हलत नाही!

दोन उच्चारांचे, दुरून स्पष्ट ऐकू येणारे नाव सोयीचे. मोती, वाघ्या, खंड्या, शेरू ही जुनी नावे टिकून राहिली, त्यामागे ही सोयही असावी. शेवटचा स्वर लांबविता येत असल्याने ‘मोतीऽऽ’ ही हाक बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कामगिरी बजावणाऱ्या पोलिसांच्या श्वानांची नावेही मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर अशी सुटसुटीतच होती.

नावाला संस्कृतीचा संदर्भ असतो, याचेही भान असावे. ‘वाघ्या’ हे जसे कुत्र्याचे नाव, तसेच ते खंडोबाच्या उपासकांचेही नाव आहे. कोणाच्या श्रद्धेला वा शेजाऱ्याच्या नावाला धक्का लागणार नाही, एवढी काळजी घेणे इष्ट. ‘छोटू’ हे नावही जपूनच ठेवावे; दीड वर्षानंतर त्याचे वजन वीस किलो झालेले असते.

नाव अंगवळणी कसे पडते?

मराठी माणूस कोणत्याही नावाला ‘या’ जोडून ते आपलेसे करतो. मोतीचा मोत्या झाल्याने कुत्र्याचे फारसे अडत नाही, कारण ध्वनी जवळचेच राहतात. मात्र सकाळी ‘टायगर’, दुपारी ‘सोन्या’ आणि संध्याकाळी ‘बाळा’ अशा हाका मारल्या, तर त्यातील नेमकी कोणती आपली, हे त्याला उमगत नाही. म्हणून लाडाची नावे निदान पहिले काही आठवडे बाजूला ठेवावीत.

नाव उच्चारावे, पिल्लाने वळून पाहताच भाकरीचा छोटा तुकडा द्यावा. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-तीन मिनिटे एवढाच सराव पुरतो. मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल आणि नाव बदलायचे असेल, तर आधी नवे व लगेच जुने नाव घ्यावे आणि हळूहळू जुने गाळावे. नाव घेऊन रागावणे मात्र कटाक्षाने टाळावे. मालकाच्या तोंडून नाव निघाले की ओरडा बसतो, हे एकदा मनात बसले की कुत्रा हाकेला येईनासा होतो. आणि ज्या संध्याकाळी त्याने यायलाच हवे, त्याच संध्याकाळी तो येत नाही.

रेबीजच्या लसीच्या पुस्तिकेवर नाव लिहिण्यापूर्वी एक साधी चाचणी करता येईल. घरातील प्रत्येकाने, आजीपासून नातवापर्यंत, अंगणाच्या कडेला उभे राहून ते नाव मोठ्याने तीनदा हाकारून पाहावे. कोणाची जीभ अडखळली नाही, कोणाला संकोच वाटला नाही आणि शेजारून कोणी ‘ओ’ दिली नाही, तर ते नाव पक्के करण्यास हरकत नाही.