मोटारीचा रंग आणि घरची निगा

मोटारीच्या रंगाची घरी घेतली जाणारी निगा गेल्या शंभर वर्षांत रंगाच्या रसायनामागून बदलत आली. १९२४च्या ओकलंड गाडीवर जनरल मोटर्सने ड्यूपॉन्टचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग वापरला. आठवडे घेणारे रंगकाम झटपट उरकू लागले. मात्र हा रंग घासल्याशिवाय चकाकत नसे आणि उन्हाने पांढुरका पडे. साहजिकच मेणाच्या डबीचा भाव वधारला. त्यातले ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण ८० अंश सेल्सिअसच्या पुढेच वितळते.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात भारतात रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरे; उन्हाने मेलेला पापुद्रा जाऊन खालचा ताजा रंग वर येई. त्यामुळे रबिंग कंपाउंड लावून जोर काढणे म्हणजेच निगा, ही समजूत पक्की झाली. कोणी डिझेलचा बोळाही फिरवी. चमक येई, पण तेलकट पत्र्यावर धूळही लगेच बसे.

रंग बदलला तरी ही समजूत राहिली. अ‍ॅल्युमिनियमच्या कणांच्या धातुछटांबरोबर क्लिअर कोट हा पारदर्शक थर रुळला. आजच्या गाडीवरील सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एका कागदाएवढे भरतात. त्यांत क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. अतिनील किरण अडवणारी द्रव्ये त्यातच असतात. दर दिवाळीला कंपाउंड घासणारा मालक हे कवचच झिजवतो. उन्हात दिसणारी कोळिष्टकासारखी ओरखड्यांची जाळीही बहुधा कोरड्या फडक्याने धूळ पुसल्यामुळेच पडते. सोसायटीत पहाटे एकाच बादलीतल्या पाण्याने दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची रेती दहावीवर घासली जाते.

म्हणून आता आधी पाण्याने धूळ सोडवायची, मग शाम्पू आणि मायक्रोफायबर, खळबळायला दुसरी बादली. भांड्यांच्या साबणाने मेणही निघून जाते. बोअरचे क्षारयुक्त पाणी उन्हात वाळले तर डाग धरतात, तेव्हा काम सावलीतच करावे.

अलीकडच्या सिरॅमिक लेपाने पाणी घरंगळते व धुणे सोपे होते. जाहिरातीतली ‘९एच’ कठीणता मात्र पेन्सिलीच्या मोजपट्टीवरची असते. दगडाच्या ओरखड्यापुढे तिचा उपयोग नाही. मार्च २०२४मध्ये पाणीटंचाईमुळे बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास ५,००० रुपये दंड ठरला. अशा टंचाईत अर्ध्या बादलीत भागणारे, नंतर पाणी ओतावे न लागणारे द्रावण कामी येते. चिखलाने माखलेल्या गाडीला ते चालत नाही.