आसरा दिला, कायदा राहिला

‘निर्वासित म्हणजे पोटासाठी आलेला परका माणूस’ हा समज किती चुकीचा आहे, ते सोलापूरकराला आपल्याच गावात पाहता येईल. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची घराणी तेलंगणातून आली ती मागाच्या आणि मजुरीच्या ओढीने. ते स्थलांतर. १९४७-४८ मध्ये निजामाच्या राज्यातून सोलापूर-बार्शीकडे माणसे आली, ती मात्र रझाकार या निजामाच्या सशस्त्र पाठीराख्यांच्या भीतीने. विणकराला सणासुदीला गावी जाता येई. या माणसांना माघारी जाणे जिवावरचे होते. १९५१ च्या जिनिव्हा करारातल्या निर्वासिताच्या व्याख्येचा गाभा हीच भीती आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा सामाजिक गट यांमुळे छळ होईल ही रास्त भीती.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुराहून भारताच्या फौजा निघाल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पण त्या दिवसांत आणि नंतर निजामाच्या राज्यात मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांत २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज होता. महिन्याभरात भ्यायची पाळी दुसऱ्यांवर आली. म्हणूनच संरक्षणाचा कायदा धर्म पाहून करता येत नाही, असे मला ठामपणे वाटते.

‘२०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा हाच आपला निर्वासित कायदा’ असेही म्हटले जाते. तो नागरिकत्वाचा कायदा आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांपुरता. श्रीलंकेचा तमिळ किंवा म्यानमारचा रोहिंग्या त्यात नाही. आसरा कोणाला, कोणत्या चौकशीनंतर द्यायचा, हे सांगणारा कायदा भारतात १९४८ मध्ये नव्हता, आजही नाही.

‘जिनिव्हा करारावर भारताची सही नाही, म्हणजे बंधनही नाही’ हे अर्धेच खरे. राज्यघटनेचे २१ वे कलम नागरिकापुरते नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे संरक्षण दिले. मात्र २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची परत पाठवणी थांबवायला नकार दिला. कायदा नसला की निकाल असे दोन टोकांना जातात.

शेजाऱ्यांकडे पाहिले तर गोंधळ वाढतोच. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांपैकी कोणीही १९५१ च्या करारात नाही. एकाच रोहिंग्या कुटुंबातला एक भाऊ बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावणीत ‘जबरदस्तीने विस्थापित म्यानमार नागरिक’ ठरतो, दुसरा भारतात ‘बेकायदा स्थलांतरित’. माणूस तोच, भीती तीच.

म्हणूनच शेजारी देशांचे नियम जुळायला हवेत, असे म्हटले की ‘म्हणजे सीमा सताड उघड्या टाकायच्या’ अशी शंका येते. तसे नाही. आफ्रिकी देशांनी १९६९ मध्ये आपला सामाईक करार केला, म्हणून त्यांच्या सीमा नाहीशा झाल्या नाहीत. निर्वासित कोणाला म्हणायचे, नोंद कशी ठेवायची, अर्ज कोण तपासणार आणि जिवाला धोका असेल तिथे परत ढकलायचे नाही, एवढ्यावर एकमत व्हायचे. युद्धगुन्हेगाराला हे संरक्षण जिनिव्हा करारातही मिळत नाही.

दक्षिण आशियासाठी असा मसुदा लिहूनही झाला आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्यासारख्या जाणकारांच्या गटाने तयार केलेला नमुना कायदा १९९७ मध्ये ढाक्यात मांडला गेला. भारताच्या संसदेने तो अजून स्वीकारलेला नाही.