सुवासाने मनाचा ताण हलका होतो का?

तालुक्याच्या बाजारात हल्ली ‘अरोमाथेरपी’ अशी चिठ्ठी लावलेल्या बोटभर उंचीच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. वास घ्या, झोप लागेल, काळजी जाईल, रक्त शुद्ध होईल, असे विकणारा सांगतो. यातले खरे किती, ते आपण पाहू.

हे नाव रूढ केले गातफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. १९३७ साली त्याने त्याच नावाचे पुस्तकही काढले. रीत मात्र आपल्या ओळखीची आहे. गवती चहाच्या पाल्यातून वाफेवर तेल काढतात, तसेच हे. क्विंटलभर पाल्यातून किलोभरही तेल निघत नाही. तेव्हा बाटलीतला एक थेंब किती जहाल असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता शरीराचे पाहा. लोखंडाला हवेने गंज चढतो, तसे काहीसे आपल्या पेशींतही चालते. अन्नाच्या ज्वलनातून, विडीच्या धुरातून इजा करणारे कण तयार होतात. त्यांना आवरणारी राखणही शरीरापाशी असते. तिला अँटिऑक्सिडंट म्हणतात. दुसरीकडे, काळजी वाढली की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. तो वेळेपुरता उपयोगी. पण कर्जाची, पावसाची चिंता महिनोन्महिने डोक्यावर बसली की झोप, रक्तदाब, साखर सगळेच बिघडू लागते.

जपानमधील दोन संशोधकांनी २२ निरोगी माणसांना पाच मिनिटे लव्हेंडर आणि रोझमेरी या वनस्पतींच्या तेलांचा वास दिला आणि त्यांची लाळ तपासली. हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. लाळेतले कॉर्टिसॉल उतरले होते आणि घातक कणांना आवरण्याची ताकद वाढली होती. गंमत अशी की, लव्हेंडरचा हा दुसरा गुण दिसला तो हजारपट पातळ केलेल्या तेलात!

वासाचा निरोप नाकातून थेट मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाशी पोहोचतो, त्यामुळे मन निवते यात नवल नाही. पण २२ माणसे, पाच मिनिटे आणि लाळ एवढ्यावरून रोग बरा होतो असे म्हणता येत नाही. रक्त शुद्ध होण्याची गोष्ट तर विक्रेत्याचीच.

आवडत असेल तर रात्री रुमालावर एक थेंब टाकून उशाशी ठेवा. माठात वाळ्याची जुडी टाकली तरी मन प्रसन्न होते, आणि तिला खर्चही थोडा. अँटिऑक्सिडंट हवेत तर आवळा, पेरू, शेवग्याचा पाला खा. रक्तदाबाची गोळी मात्र बाटलीच्या भरवशावर सोडू नका. घरातल्या कोणाची दोन आठवडे झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटते असे बोलणे येत असेल, तर सुवासावर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आणखी एक. उदबत्तीचा धूर म्हणजे सुगंधोपचार नव्हे. बंद खोलीत तो दम्याच्या माणसाला त्रासच देतो. निलगिरीचे तेल आणि कापूर पोरांच्या हाती लागणार नाही असा उंच फळीवर ठेवा. थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येतात. तसे झालेच तर उलटी करवण्यात वेळ न घालवता, बाटलीसकट मुलाला दवाखान्यात न्या.