सातशे वर्षांपूर्वीच्या बायका कागदात कशा शोधायच्या?

मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या ताईंची मुलगी, बी.ए.ला इतिहास घेतलेली, मला म्हणाली, "युरोपचं मध्ययुग म्हणजे नुसते राजे, पोप आणि लढाया. त्यात बायका कुठेच नाहीत." पाठ्यपुस्तकापुरतं तिचं बरोबर आहे. पण इतिहास शिकायची दुसरी एक रीत आहे. त्या काळात लिहिले गेलेले मूळ कागद, ज्यांना आपल्याकडे अस्सल साधनं म्हणतात, ते वाचायचे. असे निवडक कागद इंग्रजीत भाषांतर करून एकत्र छापलेले संग्रह मिळतात. आज त्यातल्या तीन प्रकारच्या कागदांबद्दल बोलते.

पहिला कागद इंग्लंडचा, तेराव्या-चौदाव्या शतकातला. तिथे गावोगावी जमीनदाराची कचेरी भरायची. कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली, कुणी उधारी बुडवली, कुणाचा बाप वारला आणि जमीन कुणाकडे गेली, हे सगळं कारकून चामड्याच्या लांब पट्ट्यांवर लॅटिनमध्ये लिहून ठेवी. गावकरी बोलत इंग्रजी, लिहिलं जाई लॅटिनमध्ये. या नोंदींत एक यादी पुन्हा पुन्हा येते, एल विकणाऱ्यांच्या दंडाची. एल म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून, आंबवून केलेलं पेय. ते चार-आठ दिवसांत आंबून जाई. त्यामुळे प्रत्येक घरी रोज करणं परवडत नसे, जिच्याकडे तयार असेल तिच्याकडून शेजारी विकत घेत. एल तयार आहे हे कळावं म्हणून दारावर काठी लावायची. भाव आणि प्रत तपासायला गावाने चाखणारे नेमलेले असत.

हा धंदा बहुतेक बायकांचा होता. नावाला दंड, पण तो दर वेळी भरावा लागे. म्हणजे खरं तर परवान्याची फीच. जुडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी ब्रिगस्टॉक नावाच्या एका गावाच्या अशा नोंदी तपासल्या, तेव्हा एल विकणाऱ्या शेकडो बायका नावानिशी सापडल्या. ज्यांनी कधी सही केली नाही, ज्यांचं पत्र नाही, फोटो तर नाहीच, त्या बायका आज आपल्याला माहीत आहेत त्या केवळ दंडाच्या यादीमुळे.

पण इथेच सावध राहायचं. कित्येक गावांत एल केली बायकोने आणि यादीत नाव नवऱ्याचं, कारण घराच्या वतीने दंडाला जबाबदार तो. नुसती यादी मोजली तर वाटेल की हा धंदा पुरुष करत होते. म्हणून कागद हातात आला की आधी विचारायचं, हा कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि पैसे कुणाकडून वसूल करायचे होते?

हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या ठराव वहीत कर्जाचं कारण "शेळी खरेदी" लिहिलेलं असतं. त्यातलं किती कॉलेजच्या फीला गेलं आणि किती दवाखान्यात, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. सातशे वर्षांनी कुणी ती वही वाचली तर तिला वाटेल, या गावात माणसांपेक्षा शेळ्या जास्त होत्या!

दुसरा कागद पॅरिसचा. १२६८च्या सुमारास एत्येन ब्वालो या शहराच्या अधिकाऱ्याने शंभरेक धंद्यांचे नियम एका ग्रंथात लिहवून घेतले. त्यात रेशीम कातणाऱ्या बायकांचे स्वतंत्र नियम आहेत. मोठ्या चातीवर कातणाऱ्यांचे वेगळे, लहान चातीवरच्या वेगळे. शिकाऊ मुली किती ठेवायच्या, त्यांनी किती वर्षं शिकायचं, सगळं ठरलेलं. मात्र बायकांच्या धंद्यावर देखरेखीला पुरुष नेमलेलेही दिसतात. व्यापाऱ्याने कातायला दिलेलं रेशीम गहाण ठेवू नये, अशीही मनाई आहे. असा नियम उगाच कुणी करत नाही. घरात पैशाची नड असणार, हातात दुसऱ्याचं किमती रेशीम असणार आणि सावकार जवळ असणार. त्या बायांची अडचण कुणी लिहून ठेवली नाही, पण मनाईच्या एका ओळीतून ती दिसते.

तिसरा कागद वाचताना मात्र अंगावर काटा येतो. दक्षिण फ्रान्समध्ये पामिये इथला बिशप झाक फूर्निये (हाच पुढे १३३४ मध्ये पोप झाला) याने १३१८ ते १३२५ या काळात चर्चच्या शिकवणीबाहेरचा पंथ मानणाऱ्यांच्या चौकशा केल्या. जबान्या इतक्या बारकाईने लिहून घेतल्या की त्यांवरून एमान्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकाराने १९७५ साली माँतायू या डोंगरी खेड्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कोण कुणाच्या उवा काढत बसे, कोण कुणाकडे चुलीपाशी गप्पा मारायला जाई, सगळं त्यात आहे.

त्या जबान्यांत बेआत्रीस द प्लानिसोल ही विधवा आहे. तिची झडती घेतली तेव्हा सामानात वाळलेल्या नाळा सापडल्या. जादूटोण्याचा संशय आला. तिने सांगितलं की त्या तिच्या नातवांच्या आहेत, जवळ ठेवल्या तर कोर्टातला दावा हरत नाही, असं एका बाईने सांगितलं होतं. आपल्याकडे नाळ पुरतात, तिने जपून ठेवली होती.

हे सगळं आपल्याला तिच्याच तोंडून कळतं असं वाटतं, पण ती बोलली तिथल्या बोलीत, कारकुनाने लिहिलं लॅटिनमध्ये, आणि समोर शिक्षा देऊ शकणारा माणूस बसलेला. काय सांगायचं आणि काय गिळायचं, याचा हिशेब ती प्रत्येक वाक्याला करत असणार. म्हणून तिच्या सामानातल्या वस्तूंवर मी लगेच विश्वास ठेवते, तिच्या पश्चात्तापाच्या शब्दांवर तितका नाही.

तिला तुरुंगात टाकलं. १३२२ मध्ये सोडलं ते कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून घालायच्या अटीवर, म्हणजे रस्त्यात दिसली की सगळ्यांना कळावं. चौकशी संपली तसं बिशपचं काम संपलं, आणि दप्तरातून तिचं नावही.