टोल्यापूर्वीचा विवेक

आमचा एक जुना विद्यार्थी आज शस्त्रवैद्य आहे. दर रविवारी सकाळी गोल्फ खेळण्याचा त्याचा परिपाठ. परंतु विरंगुळ्यासाठी गेलेला हा गृहस्थ कपाळावर आठ्या घेऊनच परततो, अशी त्याच्या पत्नीची आमच्याकडे तक्रार आली. म्हणून एके दिवशी आम्ही त्याच्यासमवेत मैदान पायी हिंडलो. चौथ्या खळीपूर्वी एक तळे होते. त्याने चेंडू पाण्यात घातला; दुसरा घेतला, तोही तेथेच गेला. "सर, मागच्या महिन्यात हाच टोला पार गेला होता," तो म्हणाला. "किती प्रयत्नांपैकी?" असे आम्ही विचारताच तो निरुत्तर झाला.

ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, अठरा खळ्यांत चेंडू घालावयास ज्यास सर्वांत कमी टोले लागतात तो जिंकतो. टोला किती दूर वा किती डौलदार गेला, यास गुण नाहीत. ही साधी गोष्ट विसरल्याने थोरथोरांची फजिती झालेली आहे.

१९९९ साली स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या शेवटच्या खळीवर झां व्हान द वेल्द हा फ्रेंच खेळाडू तीन टोल्यांनी पुढे होता. चार टोल्यांच्या त्या खळीस सहा लागले असते तरी विजय त्याचाच होता. पहिला टोला उजवीकडे भरकटला, तरी चेंडू बऱ्या जागी होता. तेथून ओढ्याच्या अलीकडे हलका टोला मारणे शक्य असता त्याने लांबचा टोला पसंत केला. चेंडू प्रेक्षकांच्या सज्जावर आदळून, ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळून दाट गवतात पडला. तिसऱ्या टोल्यास ओढ्यात गेला. बूटमोजे काढून तो पाण्यातही उतरला! अखेर दंडाचा टोला सोसून, वाळूच्या खड्ड्यातून वाट काढीत त्याने सात टोल्यांत खळी गाठली. बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत पॉल लॉरी जिंकला. दैव प्रतिकूल होते खरे. पण दैवास संधी कोणी दिली?

आता याच्या उलट उदाहरण पाहा. १९५९ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत, न्यूयॉर्कनजीक विंग्ड फूट येथे, बिली कॅस्पर याने २१६ यार्डांच्या तिसऱ्या खळीवर चारही दिवस चेंडू मुद्दाम हिरवळीच्या अलीकडे ठेवला, आणि चारही दिवस तीन टोल्यांतच ती पुरी केली. खळीजवळचे नाजूक टोले हे आपले बळ, हे तो जाणून होता. ती स्पर्धा त्याने एका टोल्याने जिंकली.

हौशी खेळाडूने यावरून काय घ्यावे? प्रत्येक काठीने आपला चेंडू बहुधा किती जातो ते टिपून ठेवावे. एखाद्या सुदिनाचा पल्ला हिशेबात धरू नये. निशाण वाळूच्या खड्ड्यालगत असेल तर हिरवळीच्या मध्यावर नेम धरावा. चेंडू झाडीत गेल्यास फांद्यांतील फटीचा मोह टाळून आडवा टोला मारावा व मोकळ्या जागी यावे. एक टोला जातो, तीन वाचतात. ज्यास १८ टोल्यांची सवलत आहे, त्याने चार टोल्यांची खळी पाचांचीच समजावी. धाडस करूच नये असे नाही. परंतु फसल्यास काय जाईल आणि साधल्यास काय मिळेल, याचा ताळा आधी पाहावा.

परीक्षेत कठीण उदाहरणावर अडून बसू नका, असे आम्ही मुलांस वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या मुलांत हाही होता. आम्ही त्यास तेवढीच आठवण दिली.

पुढल्या रविवारी त्याने तळ्याच्या अलीकडे चेंडू ठेवला, मग पार केला, आणि खळीस पाच मांडले. त्यात डौल नव्हता. पण घरी येताच त्याने हसतमुखाने चहा मागितला, असे त्याच्या पत्नीने आम्हांस कळविले आहे.